रॅम: जास्त की जलद?

नाशिकहून भाच्याचा फोन आला. वाढदिवसाचे पैसे जमले होते आणि ते रॅमवर खर्च करायचे होते. "मामा, सोळाची बत्तीस करू, की आहे ती विकून जास्त स्पीडवाली घेऊ?"

त्याचं मशीन मला पाठ होतं. २०२२ मध्ये लॅमिंग्टन रोडवर ते जुळवून घेताना दुपारभर मीच त्याच्यासोबत उभा होतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, डीडीआर४ रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, खोक्यावर ठळक ३२००. खेळतो दोनच गेम. मित्र जमले की व्हॅलोरंट, एकटा असला की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४. मी विचारलं, "कुठल्या गेमसाठी हवीय?" तो चिडला. "दोन्हीसाठी! रॅम काय गेमागणिक वेगळी असते का?"

नसते. पण त्याचे हे दोन गेम एकाच रॅमकडे अगदी वेगळ्या गोष्टी मागतात. गंमत तिथेच आहे.

सोसायटीत राहणाऱ्याला हे चटकन कळेल. गच्चीवरची टाकी किती लिटरची, हा एक प्रश्न. तिथून खाली येणारा पाइप किती इंची, हा दुसरा. आणि सकाळी गीझरचा नळ सोडल्यावर गरम पाणी हाताला लागायला किती वेळ जातो, हा तिसरा. रॅमच्या बाबतीत पहिल्याला लोक 'जास्त' म्हणतात आणि दुसऱ्या-तिसऱ्याची एकच मोट बांधून तिला 'जलद' म्हणतात. आणखी एक पात्र राहिलं, ते म्हणजे टँकर. टाकी कोरडी पडली की त्याला फोन करावा लागतो. कॉम्प्युटरमध्ये हा टँकर म्हणजे एसएसडी. रॅममध्ये जागा उरली नाही की विंडोज त्यातला थोडा माल एसएसडीवरच्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि गेमला तो पुन्हा लागला की तिथून उचलून आणतं.

टँकरला किती उशीर लागतो हे नुसत्या आकड्यांतून जाणवत नाही, म्हणून एक नॅनोसेकंद म्हणजे आपला एक सेकंद असं धरू. प्रोसेसरच्या पोटातली सर्वांत जवळची छोटी मेमरी, म्हणजे कॅश, एखाद्या सेकंदात उत्तर देते. रॅमपर्यंत जाऊन यायला सव्वा-दीड मिनिट. चांगल्या एसएसडीवरून छोटासा तुकडा आणायला साधारण शंभर मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे आपल्या मापात सव्वा दिवस. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायचा तर जवळजवळ चार महिने. आता या मापात गेमच्या एका फ्रेमला किती वेळ मिळतो? पडदा सेकंदाला १४४ चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला सुमारे सात मिलिसेकंद, म्हणजे ऐंशी दिवस. एकामागून एक सत्तर टँकर मागवले की ते ऐंशी दिवस संपले, चित्र वेळेवर तयार नाही, आणि विमान हवेत क्षणभर गोठतं. ज्याला खेळणारे 'स्टटर' म्हणतात तो हाच.

म्हणून रॅमचा कमीपणा हा कडा असतो. काठापर्यंत चालताना काही जाणवत नाही, पुढचं पाऊल पडलं की थेट खाली. सोळा जीबीत भागणाऱ्या गेमला बत्तीस दिली तर एक फ्रेमही वाढत नाही, कारण रिकामी टाकी नळाची धार वाढवत नाही. पण गेमला अठरा लागत असतील आणि तुमच्याकडे सोळाच असतील, तर जगातली सर्वांत वेगवान सोळा जीबी घेऊनही टँकर चुकत नाही. सरासरी फ्रेमरेट बऱ्याचदा ठीकच दिसतो, त्यामुळे माणूस गोंधळतो. सेकंदातली शंभर चित्रं गुळगुळीत आणि दोन अडकलेली असली तर सरासरीला पत्ता लागत नाही, डोळ्याला लागतो. म्हणून जाणकार परीक्षक सरासरीच्या शेजारी सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचाही आकडा देतात. रॅम कमी पडतेय का ते त्या आकड्यात दिसतं.

हा कडा वर्षागणिक सरकत आलाय. २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या 'जीटीए ५'ची शिफारस आठ जीबीची होती. २०२३ च्या 'हॉगवर्ट्स लेगसी'ने किमान गरज म्हणूनच सोळा मागितली. भाच्याचं व्हॅलोरंट मात्र चार जीबीवरही चालू होतं, आणि फ्लाइट सिम्युलेटर २०२४ किमान सोळा, शिफारस बत्तीस आणि आदर्श म्हणून चक्क चौसष्ट लिहितं. यात गेमच्या मागे उघडा राहिलेला ब्राउझर, त्यातले पंचवीस टॅब आणि डिस्कॉर्ड मिळवा. 'सोळा पुरते' असं म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, मागे काय काय चालू असतं?

आणखी एक चकवा आहे. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची वेगळी मेमरी असते. ती भरली की पृष्ठभागांवरची चित्रं, म्हणजे टेक्स्चर, मुख्य रॅममध्ये सांडतात. तेव्हाही गेम अडखळतो आणि आळ रॅमवर येतो. आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते, तर मदरबोर्डावरच्या चौथ्या पिढीच्या पूर्ण रुंदीच्या पीसीआय एक्सप्रेस वाटेने सुमारे ३२ जीबीच येऊ शकतात, आणि हे कार्ड तर ती वाट अर्धीच वापरतं. इथे रॅम जास्त घ्या नाहीतर जलद घ्या, उपाय एकच: टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा. फुकट आहे.

आता जलदकडे वळू. इथे खोक्यावरचा आकडा सरळ बोलत नाही.

त्याचं कारण रॅमच्या जडणघडणीतच आहे. आजच्या रॅमचं बीज अमेरिकेतल्या आयबीएममध्ये पडलं. रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवायची युक्ती काढली, तिचं पेटंट १९६८ चं. कपॅसिटर म्हणजे विजेचं एवढंसं भांडं. भरलेलं असलं तर एक, रिकामं असलं तर शून्य. पण हे भांडं गळकं आहे. डीडीआर४ मध्ये प्रत्येक भांडं ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावं लागतं, आणि वाचायला गेलं तर वाचतानाच ते रितं होतं, म्हणून वाचल्यावर परत भरायचं. हजारो भांड्यांची अख्खी ओळ आधी उघडायची, त्यातला क्षीणसा विद्युतभार ओळखून मोठा करायचा, मग हवा तो रकाना निवडायचा. हे सगळं पदार्थविज्ञानाच्या हातात आहे, त्याला घाई करता येत नाही.

परिणाम मजेशीर आहे. रॅमच्या पट्टीवर वेगाबरोबर आणखी एक आकडा असतो, सीएल. रकाना मागितल्यापासून पहिला डेटा बाहेर पडेपर्यंत किती ठोके जातात, तो हा आकडा. ठोक्यांचा नॅनोसेकंद करायचा तर सीएलला दोन हजारांनी गुणा आणि वेगाने भागा. वीसेक वर्षांपूर्वीची डीडीआर ४००, सीएल २: दहा नॅनोसेकंद. डीडीआर४ ३२००, सीएल १६: दहा. डीडीआर४ ३६००, सीएल १८: दहा. आजची डीडीआर५ ६०००, सीएल ३०: पुन्हा दहा! दोन दशकांत एका वाहिनीची धार सेकंदाला ३.२ जीबीवरून ४८ जीबीवर गेली, पंधरा पट झाली. पहिला थेंब मात्र तेवढ्याच वेळाने पडतो. पाइप रुंद झाला, गीझर तिथेच राहिला.

जाता जाता, ३२०० ला दुकानात सर्रास 'मेगाहर्ट्झ' म्हणतात. खरा ठोका १६०० चाच असतो, प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो म्हणून ३२००. यावरून काउंटरवर वाद घालू नये, मी घालून पाहिलाय.

मग गेमला काय हवं, रुंद पाइप की लवकर येणारा थेंब? व्हिडिओवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला लांबच लांब सलग डेटा लागतो, त्याला पाइप आवडतो. गेमचं जग विखुरलेलं असतं. हा खेळाडू कुठे आहे, त्याच्या हातात कुठलं हत्यार, त्या हत्याराची माहिती कुठे ठेवलीय, ती उघडली की त्यात पुढचा पत्ता. एक चिठ्ठी सापडल्याशिवाय दुसरी कुठे आहे ते कळत नाही, असा तो खजिन्याचा खेळ. प्रत्येक चिठ्ठीला प्रोसेसर हात बांधून थांबतो. म्हणून गेमला थेंबाची घाई अधिक, आणि म्हणूनच ६०००, सीएल ४० पेक्षा ५६००, सीएल २८ गेमसाठी सरस ठरू शकते, जरी खोक्यावर तिचा आकडा लहान असला. पहिलीचे १३.३ नॅनोसेकंद, दुसरीचे दहा.

पण या फायद्याला मर्यादा आहेत. प्रोसेसर थांबलाय हे तेव्हाच जाणवतं जेव्हा ग्राफिक्स कार्ड त्याची वाट बघत असतं. फोर-के पडद्यावर सगळी सेटिंग वर चढवून खेळणाऱ्याचं कार्डच घामाघूम झालेलं असतं, तिथे रॅमचा वेग वाढवून काही हाती लागत नाही. लहान पडदा, खाली आणलेली सेटिंग आणि सेकंदाला दोन-अडीचशे फ्रेमची हाव, म्हणजे भाच्याचं व्हॅलोरंट, तिथे रॅमचा वेग दिसतो. तोही मध्यम चांगल्या आणि महागड्या किटमधला फरक म्हणाल तर बहुधा एक आकडी टक्क्यांचा. कमीपणाचा कडा होता, हा नुसता उतार आहे. थोडं वर चढलात, थोडं मिळालं.

एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला आणि हा उतार आणखी सपाट केला. त्यांनी प्रोसेसरच्या डोक्यावर कॅशचा जादा मजला चढवला, ३२ एमबीची ९६ एमबी झाली. बऱ्याच चिठ्ठ्या घरातच सापडू लागल्यावर रॅमपर्यंत धावायची वेळ कमी येते. असला प्रोसेसर ज्याच्याकडे आहे त्याने महागड्या वेगवान किटवर पैसे घालवणं मला तरी उधळपट्टी वाटते.

जास्त वेगवान रॅम घेऊन मशीन मंद करता येतं, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. रायझन ५००० मालिकेत प्रोसेसरच्या भागांना जोडणारा अंतर्गत रस्ता, एएमडीच्या भाषेत इन्फिनिटी फॅब्रिक, रॅमच्या ठोक्याशी पाऊल जुळवून चालतो. ३६०० पर्यंत ही जोडी बहुधा सुखाने चालते. त्याच्या बरंच पुढे गेलात की रस्त्याला ते पाऊल झेपत नाही, मग दोघं वेगळ्या चालीने चालतात आणि जो वेळ वाचवायला निघालो तोच वाढतो. डीडीआर५ वर चालणाऱ्या रायझन ७००० साठी असा मधला मुक्काम खुद्द एएमडीने ६००० सांगितला होता. दुकानात ७२०० चं खोकं दाखवलं की हे आठवावं.

आणि आता ज्यासाठी भाच्याला व्हिडिओ कॉल करायला लावला ते. "कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाब. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. स्पीड काय लिहिलंय?"

"एकवीसशे तेहेतीस." थोडा वेळ शांतता. "मामा, ही तर बत्तीसशेची आहे ना?"

होती, पण तीन वर्षं ती २१३३ वरच चालत होती. हे इतकं सर्रास घडतं की त्यात मला नवल वाटलं नाही. रॅमची पट्टी मदरबोर्डात बसवली की ती आधी सर्वमान्य, सावध वेगावर सुरू होते. खोक्यावरचा वेग पट्टीच्याच एका छोट्या चिपमध्ये तयार नोंद म्हणून ठेवलेला असतो, पण तो मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये जाऊन हाताने चालू करावा लागतो. इंटेलच्या जगात त्याचं नाव एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ मशीनवर एक्सपो, आणि काही मदरबोर्डांवर डीओसीपी. जुळवणाऱ्याने तो चालू केला नाही आणि मी शेजारी उभा असून बघितलं नाही. २१३३, सीएल १५ म्हणजे चौदा नॅनोसेकंद. ३२००, सीएल १६ म्हणजे दहा. जो वेग तो विकत घ्यायला निघाला होता, त्यातला बराचसा त्याने २०२२ मध्येच विकत घेतलेला होता. डिलीट दाबून बायोस उघडला, नोंद चालू केली, मशीन पुन्हा सुरू झालं. एक पैसाही गेला नाही. यानंतर एखादी रात्र मेमटेस्ट८६ चालवून बघावं, कारण वेग झेपला नाही तर रॅम चुका करते आणि त्या चुका गुपचूप फाइलींमध्ये जाऊन बसतात. डीडीआर५ वाल्यांना वेगळा इशारा: पहिल्यांदा चालू करताना मशीन पट्ट्यांची पारख करत बसतं आणि पडदा काही मिनिटं काळा राहतो. घाबरून बटण दाबू नका.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे जोडी. तयार मशीन विकणारे सोळा जीबीची एकच पट्टी बसवून देतात, वर "पुढे वाढवता येईल, साहेब" म्हणतात. एका पट्टीने पाइपचा अर्धा भाग बंद राहतो. आठ-आठच्या दोन घेतल्या तर दोन वाहिन्या उघडतात, डीडीआर४ ३२०० ची धार २५.६ वरून ५१.२ जीबी होते. चार खाचा असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. डीडीआर५ ची पट्टी आतून दोन अरुंद भागांत विभागलेली असते, त्यावरून "एकच पट्टी ड्युअल चॅनल आहे" असं सांगणारेही भेटतात. त्या दोन भागांची मिळून रुंदी जुन्या एका वाहिनीएवढीच असते.

हे सगळ्यात जास्त झोंबतं ते वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्यांना. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपली मेमरी बाळगत नाही, मुख्य रॅममधूनच पाणी भरतं. कार्डाला एकट्याला सेकंदाला शेकडो जीबी मिळतात तिथे याला ते ५१.२ जीबी प्रोसेसरबरोबर वाटून घ्यायचे. इथे रॅमचा वेग म्हणजे थेट फ्रेम. एकाच पट्टीवर असलं मशीन चालवणं म्हणजे गृहकृत्यदक्ष माणसाला एका हाताने पोळ्या लाटायला सांगण्यासारखं. वर ते सोळातले एक-दोन जीबी स्वतःसाठी कापूनही घेतं. माझ्या मते 'आधी जलद' असं बिनधास्त म्हणता येईल अशी ही एकच जागा आहे.

जास्त आणि जलद यांच्यात खरोखरची ओढाताण होते ती पुढे भर घालताना. रायझन ७००० ची अधिकृत मर्यादा बघा: दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. प्रत्यक्षात काही जण याच्या पुढे जातात, पण दोन पट्ट्यांवर ६००० ला सुखाने चालणारं मशीन चौघींना घेऊन तिथे पोहोचेल याची हमी कुणी देत नाही. त्यात तेच मॉडेल दोन वर्षांनी घेतलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. म्हणून डीडीआर५ वर सुरुवातीलाच सोळा-सोळाच्या दोन घ्याव्यात आणि वेगाच्या एक-दोन पायऱ्या सोडून द्याव्यात. नंतर वेग थोडाफार ताणून बघता येतो, जागा ताणता येत नाही. रॅम थेट बोर्डावर डकवलेल्या लॅपटॉपला तर दुसरी संधीच नाही, तिथे खरेदीच्या दिवशीच जास्त.

दिवे लुकलुकणाऱ्या पट्ट्यांविषयी मी बोलणार नाही. त्यांचा वेग दिव्यांनी वाढत नाही, किंमत वाढते.

किमतीचा विषय निघालाच आहे. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे दर असे भडकले की गेमिंग मशीनचं सगळं गणित फिरलं. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे त्यांचे कारखाने वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत चौसष्ट घेऊन ठेवणं हे दुष्काळात रिकामी टाकी बांधण्यासारखं, आणि ज्याचं सोळात भागतंय त्याने दर उतरेपर्यंत ब्राउझर बंद करून खेळावं.

भाच्याचं सोळात भागतंय का, ते अजून बघायचं होतं. त्याला म्हटलं, फ्लाइट सिम्युलेटर लाव, मुंबईवर उतर, आणि त्याच वेळी रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' कडे बघ. टँकरच्या फेऱ्या तिथे मोजल्या जातात. एखाद-दुसरी उडी कुठेही दिसते, पण शहर जवळ येताना विमान अडखळायचं आणि नेमका तेव्हाच आलेख आढ्याला टेकायचा. व्हॅलोरंटमध्ये तो आलेख जमिनीवर झोपलेला. एका गेमला बायोसमधल्या त्या कळीनेच बरंच काही मिळालं होतं, दुसऱ्याला टाकीच मोठी हवी होती. त्याने वेगाचा नाद सोडला आणि ३२०० च्याच सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या घेतल्या.

जुन्या आठ-आठच्या दोन विकायच्या होत्या, पण ताईच्या ऑफिसच्या कामाचा जुना डेस्कटॉप चार जीबीवर कण्हत होता. त्याने त्या तिथे बसवल्या. त्या मशीनचा सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर २४०० च्या पुढे जात नाही, तेव्हा बत्तीसशेच्या पट्ट्या तिथे त्याहून बऱ्याच सावकाश चालल्या. रात्री ताईचा फोन. "अरे, काय केलंय रे त्याने? कॉम्प्युटर एकदम फास्ट झालाय!"